गणित आधी की फिजिक्स? घरच्या घरी अभ्यासाचा क्रम लावताना

राज्य मंडळाचं अकरावी-बारावीचं गणित आणि फिजिक्स क्लासशिवाय करायचं म्हटलं, की पुस्तकं मिळतात, क्रम मिळत नाही. फिजिक्सचा दुसराच धडा व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) मागतो. गणितात डेरिव्हेटिव्ह येतं अकरावीच्या दुसऱ्या भागात, शेवटच्या नवव्या धड्यात. व्हेक्टर तर थेट बारावीत! फिजिक्सवाले चार पानांत ओळख करून देतात, पण तेवढ्यावर हात बसत नाही. दोन्ही विषय लिहिणारे एका टेबलाशी कधी बसले असतील असं मला वाटत नाही.

म्हणून मी धडे फिरवले. आधी त्रिकोणमिती, मग फंक्शन, लिमिट आणि लगेच डेरिव्हेटिव्ह. त्यानंतर बारावीचा व्हेक्टरचा धडा, पण डॉट आणि क्रॉस गुणाकारापुरताच. मग फिजिक्स उघडायचं.

व्हेक्टर जमलं का, हे बघायला कृष्णा पुरे. सांगलीतून सांगलीवाडीला नाव न्यायची आहे. पात्र 100 मीटर धरा, पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर, नावेचा 2. नावेचं तोंड सरळ पलीकडे ठेवलं तर 50 सेकंदांत काठ लागतो, पण 50 मीटर खाली. नेमकं समोर उतरायचं तर तोंड प्रवाहाविरुद्ध 30 अंश वळवायचं. वेळ सुमारे 58 सेकंद. आकृतीने आणि घटक पाडून, दोन्हीकडून हेच उत्तर यायला हवं.

खरं अडतं ते इंटिग्रेशनपाशी. गणितात ते बारावीच्या दुसऱ्या भागात, फिजिक्सला मात्र बदलत्या बलाचं कार्य काढायला अकरावीतच हवं. थांबू नका, आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा. स्प्रिंगचा स्थिरांक 200 न्यूटन प्रति मीटर, ती ताणली 10 सेंटीमीटर. शेवटचं बल 20 न्यूटन, त्याला 0.1 मीटरने गुणून 2 ज्यूल लिहिणारे खूप. बल शून्यापासून वाढत गेलंय, म्हणजे त्रिकोण, म्हणजे 1 ज्यूल.

हे आधीच सांगायला हवं होतं: कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतं ते रेडियनमध्येच. साइन 0.1 चं उत्तर 0.0998 ऐवजी 0.0017 आलं, तर तो अंशांवर आहे.

बारावी फिजिक्सच्या आंदोलनांसाठीही (लंबकासारखी पुढे-मागे होणारी हालचाल) डिफरन्शियल इक्वेशनच्या धड्याची वाट बघू नका. पुस्तकात दिलेल्या उत्तराचं दोनदा डेरिव्हेटिव्ह घ्या आणि समीकरणात घालून पडताळा.

क्रमचय, संच, कॉम्प्लेक्स नंबर मागे ठेवले तरी फिजिक्स अडत नाही. मात्र इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी द्यायची असेल तर क्रमचय आणि कॉम्प्लेक्स नंबर सोडून चालणार नाही. तिथे अकरावीचा वाटा सुमारे 20 टक्के असतो.