आमची वाटचाल : फाउंड्रीच्या गोंगाटात एकमेकांचं ऐकताना

आमची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवायचे, म्हणजे ज्यावर वाळू दाबून साचा करतात तो लाकडी नमुना, त्या काळी ऑइल इंजिनचं काम जोरात होतं आणि गिऱ्हाईक यायचं, तोंडी सांगायचं, वडील पेन्सिलीनं प्लायवूडच्या तुकड्यावर काढून दाखवायचे आणि विचारायचे, "असंच ना?" गिऱ्हाईक हो म्हणाल्याशिवाय करवत उचलायची नाही हा त्यांचा नियम होता. आमच्या धंद्याचं खरं भांडवल तेच आहे असं मी मानतो. फर्नेस, वाळू कालवायचा मुलर, धातू तपासायचा स्पेक्ट्रो या गोष्टी बँक कर्ज देते म्हणून येतात, ऐकून घ्यायची सवय मात्र रोज मेहनत करूनच लावावी लागते.

फाउंड्री ज्यांनी आतून बघितली नाही त्यांना सांगतो, इथं बोलणं सोपं नसतं. नॉक आउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथं, बॉक्स हापटतात, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, ग्राइंडर चालू, क्रेनचा भोंगा, ब्लोअर. आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही कारखान्यातली मर्यादा, फेटलिंगला आवाज ती सहज ओलांडतो, त्यामुळे कानात प्लग असतातच. त्यात माणसं कुठली कुठली, शिये टोप नागावची आपली पोरं, काही सीमाभागातले कन्नड बोलणारे, मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, बिहारचे आणि ओडिशाचे. आता अशा ठिकाणी सुपरवायझर लांबून ओरडून काहीतरी सांगतो आणि समोरचा मान हलवतो, बऱ्याच जागी कामाचं बोलणं म्हणजे एवढंच असतं. मान हलली म्हणजे पोचलं, असं आमच्याकडं धरत नाहीत.

एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते चिवट लोखंड, सुरू केलं तेव्हापासून हे फार कडक झालं. साध्या ग्रे आयर्नला थोडं मागंपुढं झालं तर चालून जातं पण एसजीचं तसं नाही. लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं मेटल न्यायच्या बादलीच्या, तळाला मॅग्नेशियमचा अलॉय ठेवतात, त्यावर स्टीलचं पंचिंग, म्हणजे पत्र्याचे बारीक तुकडे, टाकून झाकतात, मग चौदाशे डिग्रीच्या वरचं मेटल ओततात, पांढरा लखलखाट होतो, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. साधारण दहा मिनिटांच्या आत ओतून झालं पाहिजे, कारण मॅग्नेशियम उडून जात असतं. उशीर झाला की ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, आणि वाईट म्हणजे वरून कास्टिंग एकदम छान दिसतं, दोष कळतो तो मायक्रोस्कोपखाली, नाहीतर गिऱ्हाईकाकडं पार्ट मोडल्यावर. म्हणजे फर्नेसवाल्यानं पोअरिंगवाल्याला सांगितलेलं एक वाक्य चुकीचं ऐकलं गेलं तर ती आख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेलं सगळं मेटल, भंगारात.

म्हणून आमच्याकडं पद्धत अशी आहे. फर्नेसवाला म्हणतो, "एसजी, साडेचारशे दहा, लाइन दोन." साडेचारशे दहा ही एसजीची ग्रेड. पोअरिंगवाला, म्हणजे साच्यात ओतणारा, तेच्या तेच परत म्हणतो, "एसजी, साडेचारशे दहा, लाइन दोन, टाइम चालू." मग फर्नेसवाला "बरोबर" म्हणतो आणि त्यानंतरच लॅडल हलते. तीन वाक्यं, पाच सेकंद. "हो साहेब" हे उत्तर चालत नाही. नवीन पोरांना आधी हे शाळेतल्यासारखं वाटतं, पण जुनी माणसं स्वतःहून त्यांना थांबवतात, "काय ऐकलंस ते सांग की."

ही पद्धत आम्ही काय शोधून काढलेली नाही, विमानवाल्यांची आहे. पायलट टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतो. १९७७ च्या मार्चमध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच आदळली, ५८३ माणसं गेली, आणि त्यात एक मोठं कारण रेडिओवरचं अर्धवट ऐकलं गेलेलं बोलणं होतं. एका विमानाला परवानगी मिळालीय असं वाटलं, आणि टॉवर आणि दुसरं विमान एकाच वेळी बोलले त्यामुळं नेमकं महत्त्वाचं ते शिट्टीसारख्या आवाजात बुडालं. त्यानंतर टेकऑफ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतानाच वापरायचा असं ठरलं. आम्ही हे आमच्या पोरांना सविस्तर सांगतो, कारण क्रेनवर वितळलेलं लोखंड लटकत असताना आमचं काम त्याच्यापेक्षा कमी जोखमीचं नाही. क्रेनला इशारा एकच माणूस देणार, बाकी कुणी हात करायचा नाही, पण थांबवायचा इशारा मात्र कुणीही केला, अगदी झाडू मारणाऱ्यानं केला तरी क्रेन थांबणार. का थांबवलं ते नंतर विचारायचं.

हे झालं सूचनांचं. त्याहून अवघड म्हणजे तक्रार ऐकणं, आणि मी म्हणेन खरी कमाई तिथंच आहे.

एक उदाहरण देतो. मोल्डिंगला आमचे एक मामा आहेत, वाळू मुठीत दाबून सांगतात कशी आहे. एका उन्हाळ्यात ते म्हणायला लागले वाळू बरोबर नाही. लॅबमध्ये मॉइश्चर बघितलं, एकदम नॉर्मल. कंपॅक्टॅबिलिटी, म्हणजे वाळू किती दाबली जाते ते, पण ठीक. बहुतेक जागी इथंच विषय संपतो, रिपोर्ट ओके आहे म्हणजे मामांचं वय झालंय. आमचा सुपरवायझर तरुण आहे पण गुणी, त्यानं रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मामांच्या शेजारी उभा राहून नुसते प्रश्न विचारले. कधीपासून वाटतंय? सकाळी पण का? कुठल्या बॉक्सला जास्त? मामा म्हणाले सकाळी काय नसतं, जेवणानंतर पॅटर्नला चिकटायला लागते, मोठ्या बॉक्सला जास्त. झालं, गाठ सुटली. दुपारपर्यंत नॉक आउटची गरम वाळू थंड न होताच फिरून परत मुलरला येत होती, गरम वाळूतली वाफ गार पॅटर्नवर जमायची आणि वाळू तिथं चिकटायची, आणि लॅबचं सॅम्पल मात्र सकाळचं असायचं. मामा बरोबर, रिपोर्ट पण बरोबर, दोघं वेगवेगळ्या वेळेचं बोलत होते. आता दुपारी पण सॅम्पल घेतो, वाळूचं टेंपरेचर लिहितो, आणि वाळू पसरून गार करायला जागा केलीय. त्या सुपरवायझरनं "तसं नाही मामा" असं पहिल्याच वाक्याला म्हटलं असतं तर ब्लो होलचं, म्हणजे वायूमुळं कास्टिंगमध्ये पडलेल्या पोकळ्यांचं, रिजेक्शन आम्ही अजून मोजत बसलो असतो.

ॲक्टिव्ह लिसनिंग हा शब्द लोकांना कॉर्पोरेट ट्रेनिंगचा वाटतो, एसी हॉल आणि प्रोजेक्टर. पण १९५७ साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी तो वापरात आणला तो शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंधांच्या केंद्रासाठी लिहिताना, म्हणजे सुपरवायझर आणि कामगार हेच त्यांच्या डोळ्यासमोर होते. सल्ला द्यायची घाई नको, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दात त्याला परत सांगा, शब्दामागं काय वाटतंय तेही ऐका, एवढंच सांगणं आहे. हे आमच्यासारख्या चाळीस-पन्नास माणसांच्या वर्कशॉपलाच जास्त लागू पडतं.

शब्दामागचं ऐकणं म्हणजे काय ते फेटलिंगला दिसलं. तिथला एक ओडिशाचा पोरगा, कामाला वाघ, हळूहळू गप्प गप्प राहायला लागला. विचारलं की "सब ठीक है." चहाच्या वेळी आमच्या बाईंनी, अकाउंट बघतात त्या, बघितलं की तो कप दोन्ही हातांनी धरतोय. त्यांनी काय विचारलं नाही लगेच, शेजारी बसून राहिल्या, मग तोच म्हणाला बोटं बधिर होतात, सकाळी जास्त, आणि घरी पैसे पाठवायचे असतात म्हणून बोलला नाही. ग्राइंडरच्या व्हायब्रेशननं होतं ते, रक्तपुरवठ्यावर आणि नसांवर परिणाम होतो, दुर्लक्ष केलं तर कायमचं राहतं. त्याला डॉक्टरकडं नेलं, काम बदललं, पगार तोच ठेवला. मग सगळ्या फेटलिंगला आलटून पालटून ड्युटी लावली, कमी व्हायब्रेशनची मशीन घेतली. आणि एक पक्कं केलं, भाषेसाठी मध्यस्थ लागला तर ठेकेदाराचा माणूस घ्यायचा नाही. त्याच्यासमोर कोण खरं बोलणार हो?

सकाळची मीटिंग आम्ही शॉपमध्ये घेत नाही, पार्किंगच्या शेडखाली घेतो, कारण तिथं आवाज पोचत नाही. उभ्यानंच. बोलायची सुरुवात सगळ्यात नवीन माणसानं करायची आणि मालकानं सगळ्यात शेवटी. मी आधी बोललो की बाकीचे माझंच परत बोलतात, मग मीटिंग घेऊन उपयोग काय. मोबाइल सगळ्यांचे खिशात, माझा पण.

२०१९ च्या ऑगस्टला महापूर आला, पंचगंगेचं पाणी हायवेवर, शिरोलीजवळ पुणे बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद, ट्रकच्या रांगा. माणसं गावागावात अडकलेली. त्या वेळी ही सवय फार उपयोगी पडली. ग्रुपवर फॉरवर्ड बंद, प्रत्येकानं कुठं आहे, घरात पाणी आहे का, काय लागतंय एवढंच टाकायचं आणि ज्याला जे काम दिलं त्यानं तेच परत लिहून कळवायचं. फर्नेस आम्ही आधीच रिकामी करून बंद केली होती कारण इलेक्ट्रिशियननं दोन दिवस आधी सांगितलं होतं की लाइटचा भरवसा नाही, आणि त्याचं ऐकलं होतं. मेटल आत असताना लाइट आणि कूलिंगचं पाणी दोन्ही गेलं तर काय होतं ते फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको.

गिऱ्हाईकाशी पण हेच. फोनवर बोलणं झालं की आमच्याकडून लगेच मेसेज जातो, "आपलं असं बोलणं झालं, आम्हाला असं समजलं, बरोबर आहे का?" एकदा एका कंपनीतून फोन आला, फ्लँजला तीन एमएम मटेरियल वाढवा. आम्ही ड्रॉइंगवर खूण करून फोटो पाठवला, ह्याच फेसला ना? उत्तर आलं, नाही नाही, मागच्या फेसला. पॅटर्नला हात लावायच्या आधी कळलं. त्या कंपनीचं परचेस आता स्वतःच आम्हाला खूण केलेला फोटो पाठवतं.

सध्या विषय चाललाय कोअर शॉपचा, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवायला वाळूचे गाभे करतात त्या विभागाचा. तिथं बायका जास्त आहेत आणि सकाळच्या मीटिंगला त्या मागं उभ्या राहतात, बोलत नाहीत. वेगळी मीटिंग घ्यावी असं माझं मत होतं, त्यांनाच विचारलं तर म्हणाल्या वेगळी नको, आमचं तिथं मग कुणाला कळणार, फक्त मीटिंग पंधरा मिनिटं उशिरा घ्या, पोरांना शाळेच्या गाडीत बसवून यायचं असतं, धापा टाकत आल्यावर काय बोलणार. सोमवारपासून वेळ बदलतोय.