धारावीत बॅगेची चेन बदलायला गेले आणि…

आज बॅगेची चेन बदलायला धारावीत गेले होते. कारागीर काकांचे हात चालू, तोंडही चालू. विषय गेला २०२० वर. १ एप्रिलला तिथे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आम्ही बाहेरच्यांनी ‘आता मुंबईचं काही खरं नाही’ असं ठरवूनच टाकलं होतं. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरात आठ-दहा लाख माणसं, दहा बाय दहाची खोली, संडास सार्वजनिक. अंतर पाळणार कुठे?

मग पालिकेने पेशंट येण्याची वाट न बघता वस्तीतच ताप तपासणी शिबिरं लावली. पीपीई किटमध्ये घामाने निथळणारे डॉक्टर, बोटाला ऑक्सिमीटर, संशय आला की नाकात काडी. वस्तीतले खासगी डॉक्टरही सोबत फिरले. “ओळखीचा डॉक्टर दारात आला की माणूस ताप लपवत नाही, ताई.” पॉझिटिव्ह निघाला तर विलगीकरण, तिथे जेवणखाण फुकट. नाहीतर हातावर पोट असलेला माणूस टेस्टला उभा राहीलच कशाला?

मला हे फार पटलं. पुढची सोय नसेल तर रिपोर्ट म्हणजे नुसता कागद. आणि ज्याला लक्षणंच नाहीत, तो टेस्टशिवाय सापडणार कसा? मॉलच्या दारात कपाळावर रोखायचे ती ताप मोजायची बंदूक आठवते ना? निव्वळ नाटक!

जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं होतं. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांना आठवत होती विलगीकरणातली खिचडी. “मीठ कमी असायचं,” म्हणाले.