त्यांची काळी पाच, माझी काळी चार

चाचा लग्नाच्या बँडमधे क्लारनेट वाजवतात. आमची ओळख ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या पेटी दुरुस्तीच्या एका दुकानात झाली, माझ्या पेटीचा एक सूर बोलत नव्हता म्हणून मी बसले होते आणि ते क्लारनेटचे पॅड बदलून घ्यायला आले होते. पॅड लागल्यावर वाजतंय का बघायला त्यांनी यमनचा नि रे ग एवढाच तुकडा फुंकला आणि मी न विचारताच पेटीवर हात ठेवला. जमलं नाही. त्यांच्या क्लारनेटचा सरळ बोटांचा सा येतो काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला, आणि आई काळी चारमधे गाते म्हणून माझी बोटं लहानपणापासून तिथेच बसलेली. ते म्हणाले, "बेटी, एक सुर ऊपर आ जाओ, मुझसे उतरा नहीं जाएगा."

मग मी वर गेले. घरी येऊन आठवडाभर काळी पाचमधे पलटे, म्हणजे सरावाच्या सूरमाळा, घोकले, खरंच.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, बँडला काम नसतं, त्यामुळे देवशयनी एकादशीनंतर ते दर मंगळवारी आमच्याकडे यायला लागले. आई आधी जरा धास्तावली होती, रस्त्यावरचं वाद्य, एवढ्याशा खोलीत कसं सोसणार, पण चाचा घरात इतकं हळू फुंकतात की आई देवापाशी दिवा लावता लावता थांबून ऐकते. क्लारनेटबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. बासरीत जोरात फुंकलं की तोच सूर वरच्या सप्तकात येतो, क्लारनेटमधे खालच्या सा ला मागची चावी दाबून फुंकलं तर वरचा सा येत नाही, वरचा प येतो! म्हणजे दोन्ही सप्तकांची बोटं वेगळी, आणि हे सगळं ते वरातीत चालता चालता, अंधारात करतात.

पण आमचं खरं अडलं गंधारावर, म्हणजे ग वर. पेटीचे बाराही सूर सारख्या अंतरावर लावलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. चाचा ओठ सैल सोडून तो जागेवर आणतात आणि मग दोन गंधार एकत्र वाजले की मधे थरथर ऐकू येते, कानाला टोचते. पेटीचे सूर असे बांधलेले, तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जमत नाही, असल्या कारणांनी १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, आजोबा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा आणि मलाही राग यायचा. तो राग अजून आहे. पण तक्रार नेमकी कशाची होती ते मला चाचांच्या शेजारी बसल्यावर कळलं. आता ते गंधारावर आले की मी बोट उचलते, नुसता सा धरून ठेवते, ते पुढे सरकले की परत सोबत. असं ठरवलं कोणीच नव्हतं, दोन महिन्यांत आपोआप होत गेलं.

गणपतीत आमच्या मंडळात दोघं बसलो. एक काका म्हणाले बँड आत कशाला, आई म्हणाली आधी ऐका तर, शेवटी भैरवीची फर्माईश त्याच काकांनी केली.

डिसेंबरात तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी आम्ही तानसेनाच्या समाधीवर गेलो. तिथे आधी सनई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मीलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती, अशी रीत आहे. हरिकथेत अडेल तिथे मी त्यांना सांगत होते, मीलादमधे ते मला, आणि सनई चालू असताना दोघंही गप्प. चिंचेचं पान खाल्लं की गळा सुधारतो म्हणतात ना, त्यांनी एक पान आईसाठी रुमालात बांधून दिलं.

आता सीझन चालू आहे, मंगळवार बंद. परवा रात्री नई सडकवर मी चाचांच्याच वरातीत अडकले, कडाक्याची थंडी, अशा थंडीत क्लारनेटचा सूर उतरतो म्हणून ते वाजवायच्या आधी तोंडाकडचा तुकडा स्वेटरच्या आत धरून ठेवतात. मला बघितलं त्यांनी. नाचाच्या गाण्याच्या मधेच यमनचा गंधार लावला आणि धरून ठेवला, नाचणाऱ्यांना पत्ताही नाही. मी स्कूटर बंद केली, मागे हॉर्न वाजत होते, तो गंधार संपेपर्यंत तशीच उभी राहिले.