तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी कुंभारांनी हाताने घडवलेली ही मातीची भांडी मी वापरते का?

प्रश्न दोन बाजूंनी येतो. भारतातून आलेले पाहुणे कप हातात घेतात, किंमत विचारतात, ऐकल्यावर तो जपून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "अगं, मग हे वापरतेस कशाला? कपाटात ठेव की." इथले, तोक्योतले संग्राहक तेच अदबीने विचारतात: "रोज बाहेर काढता? फुटलं तर?" गेली काही वर्षं मी विषय बदलत आले. आता एकदाच सगळं सांगते.

आधी किंमत, कारण खरा सल तोच आहे. माझ्याकडची बहुतेक भांडी माशिको या कुंभारांच्या गावातल्या जत्रेतली आहेत. 1966 पासून भरणारी ही जत्रा आता वर्षातून दोनदा असते, वसंतात आणि शरदात. शेकडो तंबू लागतात, आणि चाकावर बसणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच तंबूत विकायला बसलेला असतो. तरुण कुंभाराचा युनोमी, म्हणजे बिनकानाचा चहाचा कप, तिथे 3-4 हजार येनला मिळतो. तुम्ही मला ज्या हॉटेलात जेवायला नेता तिथे तेवढ्यात दोघांचं पोट भरत नाही, आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही.

काही भांडी महाग आहेत, हेही खरं. बिझेन या दुसऱ्या कुंभारगावच्या एका ग्विनोमीसाठी, साकेच्या छोट्याशा पेल्यासाठी, मी चांगल्या हिवाळी कोटाचे पैसे मोजले. पण बिझेनला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, नसतं. लाल पाइनची लाकडं दहा दहा दिवस, कधी दोन आठवडे, रात्रंदिवस घालत राहायची. राख उडून भांड्यावर बसते आणि वितळते. गुंडाळलेल्या भाताच्या काड्यांचे तांबडे पट्टे उमटतात. अशी भट्टी वर्षातून एक-दोनदाच लागते, आणि त्यातलंही बरंच तडकतं. हे सगळं त्या पेल्याच्या किमतीत आहे. मला ती जास्त वाटत नाही. तुम्हाला वाटली तर मी भांडणार नाही, पण "यात आहे काय?" असं मात्र म्हणू नका.

खोक्यांबद्दलही विचारता. पावलोनियाच्या लाकडाचं खोकं, त्यावर कुंभाराने ब्रशने लिहिलेलं भांड्याचं नाव, सही, शिक्का, आत सुती कापड, वरून विणलेली चपटी दोरी. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून आणायचे, म्हणजे ते कुणी कुणाला कधी दिलं हे पुढच्या पिढीला कळायचं, तसंच हे. माशिकोचे हामादा शोजी 1955 साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' या सरकारी बहुमानासाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या कुंभारांपैकी एक. ते आपल्या भांड्यावर सही करत नसत, ती खोक्यावर असे. खोकं हरवलं की किंमत उतरते. म्हणून मी खोकी जपते, माळ्यावर, रिकामी. भांडी खाली स्वयंपाकघरात असतात.

असतात, कारण ही माती वापरानेच बदलते. हागी गावच्या भांड्याच्या ग्लेझमध्ये बारीक तडे असतात, चहा त्यांत झिरपतो आणि रंग पालटत जातो. 'हागीचे सात पालट' असं इथे म्हणतातच. सच्छिद्र भांडं नवं असताना भाताच्या पेजेत उकळायचं, म्हणजे छिद्रं बुजतात. दर वेळी वापरण्याआधी पाण्यात बुडवून घ्यायचं, नंतर पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर बुरशी धरते. दुधाचा चहा मी माशिकोच्या ग्लेझ केलेल्या कपांतून देते, हागीत फक्त हिरवा. आणि फुटलं तर "सोन्याने जोडता येतं ना?" असं विचारणाऱ्यांना: येतं. पण जोडणारं सोनं नसून उरुशी नावाचा झाडाचा चीक असतो. तो दमट हवेत आठवडेच्या आठवडे सुकतो, आणि एवढी मेहनत बहुतेक वेळा कपापेक्षा महाग पडते. कप फुटावा म्हणून कुणी वाट बघत नाही.

इतकं सांगून मी थांबू शकले असते. "हो, वापरते. सगळी वापरते." 2023 पर्यंत माझं उत्तर एवढंच होतं आणि ते मी ठासून द्यायचे.

त्या वर्षी शरदात ओकु-नोतोचा कला महोत्सव बघायला आम्ही सुझूला गेलो. नोतो द्वीपकल्पाच्या अगदी टोकाचं हे गाव. सुझूची भांडी काळी. लोह असलेली माती 1200 अंशांच्या वर भाजायची आणि शेवटी भट्टीची तोंडं लिंपून हवा तोडायची, मग हा राखी काळा रंग येतो. बाराव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत इथले रांजण आणि बरण्या जहाजांनी होक्काइदोपर्यंत जात. मग काम बंद पडलं, आणि असं बंद पडलं की शतकानुशतकं कुणाला त्याची आठवणही उरली नाही. मच्छीमारांच्या जाळ्यात समुद्राच्या तळातून काळे रांजण यायचे तेवढेच. 1970 च्या दशकात गावाने ते पुन्हा सुरू केलं.

आम्ही ज्या बाईंकडे गेलो त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते रुचणार नाही. त्या वर्षी मे महिन्यातल्या भूकंपात त्यांच्या भट्टीची कमान पडली होती. त्यांनी विटा एकेक करून साफ केल्या, भट्टी पुन्हा उभी केली, आणि पहिल्याच भाजणीतली भांडी फळ्यांवर मांडली होती. त्यातला एक लहान त्सुबो, म्हणजे बरणी, ओंजळीत मावेल असा, मी घेतला. रेघांच्या फळीने थापटून घडवलेला. एका खांद्यावर राख वितळून हिरवट ओघळली होती. खोकं तयार नव्हतं. "लिहून पाठवते," म्हणाल्या. ते डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं.

1 जानेवारी 2024, दुपारचे 4 वाजून 10 मिनिटं. तोक्योत घर बराच वेळ सावकाश हलत राहिलं. टीव्हीवर निवेदिका ओरडत होती: पळा, आत्ता पळा. 7.6 तीव्रतेचा भूकंप, आणि केंद्र नोतो. फोन लागत नव्हता. बऱ्याच दिवसांनी बाईंचा निरोप आला: जिवंत आहे, घर पडलं, भट्टी पडली, भांडी गेली.

तो त्सुबो मला वापरवेना. पाणी घालायला हात पुढे व्हायचा आणि मागे यायचा. ओळखीच्या एका संग्राहकाने किमतीच्या कित्येक पट पैसे देऊ केले, "आता असं मिळणार नाही" म्हणून. त्या दिवशी मला त्याचा इतका राग आला की मी धड उत्तरही दिलं नाही. पण माझ्या मनात तरी वेगळं काय होतं? मीही त्याला दुर्मिळ म्हणूनच जपत होते. नाही, मी तो पुरावा म्हणून जपत होते. यातलं कुठलं खरं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

रस्ते जाण्याजोगे झाल्यावर उन्हाळ्यात तो घेऊन आम्ही गेलो. परत द्यायचा, असं ठरवून. त्या भाजणीतलं त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं, निदान हा तरी असावा. तात्पुरत्या घराच्या छोट्या खोलीत बाईंनी दोरी सोडली, कापड काढलं, त्सुबो उलटा करून बुडावरून बोट फिरवलं.

"वापरला नाहीत."

मी समजावू लागले. एकच उरलाय, फुटला तर, वगैरे. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "माझ्या फळ्यांवरची सगळी फुटली. तीही न वापरलेलीच होती."

मला रडू आलं आणि रागही आला. जिचं सगळं गेलं ती मला वापराचा धडा देत होती, जो मी इतकी वर्षं दुसऱ्यांना देत होते. त्यांनी तो परत घेतला नाही. पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवला. चहा होईपर्यंत कागदावर गोल ओल उमटली. "पाझरतोय. वापरत राहिलात की थांबेल." निघताना तो ओला होता म्हणून खोक्यात घालू दिला नाही, कापडात गुंडाळून दिला.

सप्टेंबरात तिथे अतिवृष्टी झाली, तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं. आता त्या पुन्हा विटा साफ करताहेत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, वापरते, एक सोडून. "खोक्यात ठेवलेलं भांडं अर्धं राहिलेलं असतं" असं मी पूर्वी म्हणायचे. त्या पूर्वीच्या 'मी'ला मला आज विचारावंसं वाटतं: ज्या भाजणीतलं दुसरं काही उरलं नाही तिथे कुंभाराच्या बोटांची खूण जपणं चूक कसं? त्यावर ती पूर्वीची मी म्हणेल की कुंभाराने स्वतः वापरायला सांगितलंय, तू कोण? बरोबर आहे तिचं. तरी मी म्हणते, सांगणाऱ्याच्या हातून पुन्हा घडू शकतं, माझ्या हातून काही घडत नाही. माझ्या हातात ते सांभाळणं तेवढं आहे.

बाईंचं म्हणणं चुकीचं आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही. त्सुबो जेवणाच्या टेबलाजवळच्या फळीवर आहे, खोक्याबाहेर, कोरडा. तुम्ही याल तेव्हा हातात घ्या, बुडावरून बोट फिरवून बघा. त्यात फुलं का नाहीत, हे मात्र एवढ्यात विचारू नका.