तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात टिकणारा घेऊ, की बॅटरी निघणारा?

जूनमध्ये गगनबावड्याकडून ढग सरकायला लागले की माझ्या काउंटरवर हा प्रश्न येतोच. "दादा, पाण्यात चालणारा घेऊ का बॅटरी निघणारा?" विचारणारा फोन घेणार असतो दुसरीकडं. मी विकत नाही, दुरुस्त करतो. कोल्हापुरात शाहूपुरीत आठ बाय दहाचा गाळा आहे, सतरा वर्षं झाली. विकणाऱ्यापेक्षा उघडून बघणाऱ्याला जास्त कळत असणार, असा लोकांचा समज आहे आणि तो मी मोडत नाही. अडचण एवढीच, की मागं दोघंतिघं खोळंबलेले असतात, हातात हीट गन तापलेली असते आणि उत्तर दोन वाक्यांत बसत नाही. म्हणून एकदा निवांत लिहून ठेवतोय.

आधी 'वॉटरप्रूफ' हा शब्द सोडून द्या. खोक्यावर लिहिलेलं असतं आयपी67 किंवा आयपी68. त्यातला 6 धुळीचा, पुढचा आकडा पाण्याचा. सगळे पुढचाच विचारतात. पण जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर आठवडाभर माझ्याकडं जे सेट येतात ते बघायला या. स्पीकरच्या जाळीत गुलाल, चार्जिंगच्या तोंडात गुलाल, सिमच्या खाचेत गुलाल. ब्रश मारून मारून माझी बोटं गुलाबी होतात. 6 असलेल्या फोनमध्ये तो जाळीवर बसतो, बोर्डापर्यंत पोचत नाही. पाण्याचा 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. 8 म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल नि किती वेळ हे कंपनीनं ठरवायचं. आणि ही परीक्षा असते नव्या फोनची, तीही स्वच्छ, गोड्या, शांत पाण्यात. न्हाणीतली वाफ, रंगपंचमीची बादली, कपड्यांबरोबर भिजत पडलेला फोन, यांचा त्यात हिशेब नाही. साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. जिथं नुसतं पाणी अडलं असतं तिथून साबणाचं पाणी शिरतं. एवढं करून आत गेलंच, तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात वर करते. आत एक पांढरा ठिपका असतो, ओल लागली की लालगुलाबी होतो. सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा तो बघतो. जोतिबाचा गुलाल परवडला.

आता मूळ वाद. माझ्या गिऱ्हाइकांत उद्यमनगरातले एक काका आहेत, विहिरीतल्या पंपांच्या मोटरी भरून देतात. त्यांना मी एकदा विकणाऱ्यांच्या भाषेत सांगितलं, "काका, पाणी जाऊ नये म्हणून फोन चिकटवून बंद केलेला असतो. उघडता आला तर पाणी जाणारच की."

काका हसले. "आमची तेलातली मोटर वर्षानुवर्षं पाण्याखाली असतीया. आत तेल, भाईर पाणी, मधी रबराची रिंग. जळली की वर काढतोय, बोल्ट खोलतोय, वायर भरतोय, रिंग बदलतोय, परत विहिरीत. गमनं चिकटवलेली मोटर कधी बघितलायस काय?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी जाऊन विचार केला तेव्हा काकांच्याच बाजूचे पुरावे आठवायला लागले. 2014 चा सॅमसंगचा गॅलेक्सी एस5 घ्या. मागचं झाकण नखानं निघायचं, 2800 एमएएचची बॅटरी हातात यायची, आणि फोन आयपी67 होता. झाकणाच्या आतून रबराची कड, चार्जिंगच्या तोंडावर झडप. पुढच्याच वर्षी एस6 आला: पाठ काचेची, बॅटरी आत बंद, आणि पाण्याचं संरक्षण गायब! ते परत आलं 2016 मध्ये, एस7 मध्ये. ॲपलचं तर त्याहून सरळ. पहिल्या आयफोनपासून, म्हणजे 2007 पासून बॅटरी आत बंद. आयपी67 मिळालं 2016 च्या आयफोन 7 ला. मधली नऊ वर्षं फोन बंदच होता, मग तो पाण्यासाठी बंद होता असं कसं म्हणायचं?

पण काकांनाही मी पूर्ण बरोबर म्हणणार नाही. रबर नुसतं लावून पाणी अडत नाही, ते सगळीकडून सारखं दाबलं जावं लागतं. कुकरची रिंग बघा, झाकण घट्ट बसतं म्हणून ती काम करते. मोटरीला दाबायला बोल्ट आहेत आणि बोल्टांना जागा आहे. फोनला ती जागा द्यायची तर तो जाड होतो. शिवाय हातानं काढायची बॅटरी टणक कवचात ठेवावी लागते, कारण ती खिशात किल्ल्यांबरोबर फिरणार, जमिनीवर पडणार. आत बंद असलेली बॅटरी मऊ पाकिटासारखी असते. कवचाची जागाही तिलाच मिळते. एस5 चा दोषही मी बघितलाय. झाकणाचा एक कोपरा नीट दाबला गेला नाही की रबर असून नसल्यासारखंच. एका पोरानं कळंबा तलावात पोहताना फोटो काढले. फोन माझ्याकडं आला तेव्हा बॅटरीच्या खाचेत शेवाळाचा तुकडा होता.

तरी दोन्ही एकत्र मिळतंच. सॅमसंगचा एक्सकव्हर7 हा 2024 मध्ये आपल्याकडंही आलेला फोन, आयपी68 आणि 4050 एमएएचची काढता येणारी बॅटरी. मुख्यतः कंपन्यांच्या कामगारांसाठी आहे, दिसायलाही तसाच, पायताणासारखा दणकट. म्हणजे 'दोन्ही होत नाही' हे खोटं. 'दोन्ही, वर पातळ, वर देखणा, वर स्वस्त' हे होत नाही, एवढंच खरं.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. फोन पाण्यानं मरत नाही, पाण्यात वीज चालू राहिल्यानं मरतो. ओल्या बोर्डावर बॅटरीचा करंट फिरत राहिला की तांबं झिजायला लागतं, हिरवट पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं, चिपचा एकेक पाय सुटत जातो. जुन्या फोनला आम्ही काय करायचो? पाण्यात पडला की उचलला, झाकण काढलं, बॅटरी बाहेर. करंट बंद, विषय संपला. मग दोन दिवस वाळू द्यायचा, नाहीतर बोर्ड आयपीएनं, म्हणजे लगेच उडून जाणाऱ्या अल्कोहोलनं, धुवायचा. नोकियाचे कितीतरी सेट असे उठून बसलेले मी बघितलेत. बंद फोनला हे करता येत नाही. बंद करायला जावं तर ओला स्क्रीन बोट ओळखत नाही, आणि बटणं दाबून बंद करायचं बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून मी म्हणतो, निघणारी बॅटरी हेही पाण्यापासूनचं संरक्षणच आहे. एक पाणी शिरण्याआधीचं, दुसरं शिरल्यानंतरचं.

(आणि तांदळात घालू नका. ॲपलनंही तसं स्पष्ट सांगितलंय, बारीक कण आत जातात म्हणून. एकदा एक बाई आजऱ्याच्या घनसाळ तांदळात पुरलेला फोन डब्यासकट घेऊन आल्या. फोन काही उठला नाही, दुकानाला मात्र दिवसभर भाताचा वास.)

बॅटरीचा दोष निघाला तर? 2007 मध्ये नोकियानं बीएल-5सीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता. सगळं गाव झाकणं काढून नंबर बघत होतं, आणि ज्याचा नंबर लागला त्याला बॅटरी बदलून मिळायची होती. 2016 मध्ये गॅलेक्सी नोट7 च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा अख्खा फोनच परत द्यावा लागला. फरक एवढा उघड आहे की त्यावर जास्त लिहीत नाही.

पण माझ्या गाळ्यात रोज येतं ते दुखणं वेगळंच, आणि ते तिसऱ्या वर्षी येतं. लिथियमची बॅटरी वापरून वापरून म्हातारी होते. दुपारी दोनला फोन झोपतो, नाहीतर ती फुगते. फुगली की मागचं पॅनल उचलतं, चिकटवलेला गम सुटतो आणि पाण्याचं संरक्षण तिथंच संपतं. फुगली नाही, तरी बदलायला मलाच पॅनल तापवून उघडावं लागतं. परत लावताना मी टी-7000 गम नीट कडेनं फिरवतो, क्लिपा लावून ठेवतो, काम वाईट करत नाही. पण कारखान्यासारखी नवी चिकट पट्टी माझ्याकडं नसते, आणि हवेचा दाब देऊन गळती तपासायचं यंत्रही नसतं. कंपनीच्या सेंटरमध्ये पट्टी नवी मिळते; तरी उघडलेला फोन नव्याइतकाच पाणी अडवेल अशी खात्री मी कुणाला देणार नाही. म्हणजे खोक्यावरचं आयपी68 हे पहिली बॅटरी बदलेपर्यंतचं आहे.

आणि तिसऱ्या वर्षी त्या फोनचं काय होतं? पोरगा नवा घेतो आणि जुना गावाकडं वडलांना देतो. शेतीला लाइट रात्रीची. वडील रात्री उसाला पाणी पाजायला जातात, शर्टाच्या वरच्या खिशात फोन, त्याचाच टॉर्च लावून बारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, वाकतात आणि फोन पाटात. ज्याला पाण्याचं संरक्षण सगळ्यात जास्त लागतं, त्याच्या हातात ते संपलेला फोन येतो. करवीर, पन्हाळा भागातले असे किती फोन मी उघडलेत, मोजलेले नाहीत. दरवेळी पोरगा सांगतो, "पण हा वॉटरप्रूफ होता की ओ." होता.

महापुराचं विचारतात, तेही सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी 43 फूट. शिरोलीपाशी हायवे बंद, कित्येक भागांत लाइट नाही. तेव्हा आमच्या नात्यातली माणसं दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. त्यांच्या घरात पाच स्मार्टफोन होते, एकही पाण्यात पडला नाही. पाचही चार्ज संपून मेले. शेवटपर्यंत चालला तो आजींचा बटणांचा फोन. पॉवर बँक होती, पण ती दुसऱ्या दिवशीच रिकामी झाली. आणि पॉवर बँक भरलेली असली तरी एक गोम आहे. अलीकडचे बरेच फोन चार्जिंगच्या तोंडात ओल सापडली की चार्जच घेत नाहीत. ते बरोबरच आहे, ओल्या तोंडात करंट दिला तर पिना गंजतात. पण पावसात भिजून आलेल्या माणसाला 'ओलावा आढळला' एवढं वाचून गप्प बसावं लागतं. ज्यांच्यात वायरलेस चार्जिंग आहे ते सुटले.

युरोपात यावर कायदा झालाय. 20 जून 2025 पासून तिथं विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी साध्या माणसाला बदलता आली पाहिजे. पण पळवाटही त्याच कायद्यात आहे: बॅटरी 500 वेळा पूर्ण चार्ज केल्यावर 83 टक्के आणि 1000 वेळा केल्यावर 80 टक्के क्षमता धरून असेल, वर फोन धूळ अडवत असेल आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकत असेल, तर ती कारागिरालाच बदलता आली तरी चालतं. म्हणजे माझ्या काउंटरवरचाच सौदा तिथल्या कायद्यात जाऊन बसला. मला मात्र त्या सौद्यातली पहिली अट आवडली. बॅटरी हजार चार्ज टिकत असेल तर निघते की नाही यावर भांडायचं कारणच कमी होतं.

तर उत्तर. दोनतीन वर्षांत फोन बदलणार असाल, तर आयपी67 किंवा 68 चा बंद फोन घ्या, निघणाऱ्या बॅटरीचा नाद सोडा. एक्सकव्हर7सारखा दणकट सोडला, तर तसा चांगला फोन बाजारात शोधून सापडणार नाही. पाचसहा वर्षं ओढणार असाल, तर घेताना आकड्यापेक्षा हे विचारा की या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी चार वर्षांनी कोल्हापुरात मिळेल का. माझ्याकडं येणारे निम्मे फोन बॅटरी न मिळाल्यामुळं कॉपी बॅटरीवर चालतात, आणि फुगते ती बहुतेक वेळा तीच. जुना फोन वडलांना देणार असाल, तर आधी बॅटरी बदला आणि वर प्लॅस्टिकची झिपची पिशवी द्या. बोट पिशवीवरूनही चालतं. फाउंड्रीत, दूध संकलनात, उसात काम असेल आणि पैसे असतील, तर तो पायताणासारखा घ्या.

काकांनी ऐकलं नाही. पातळ, काचेच्या पाठीचा घेतला. यंदा मेमध्ये आले, पाठ टम्म फुगलेली. मी बॅटरी बदलली, गम लावला, क्लिपा लावून रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन उलटासुलटा करून बघितला, कडेवरून नख फिरवलं आणि माझ्या पाण्याच्या बाटलीकडं बघत म्हणाले, "बादली आहे काय रं?"

मी म्हटलं, "काका, नको."

"मी मोटर भरून दिली की गिऱ्हाइकासमोर विहिरीत सोडतोय," काका म्हणाले. पैसे मात्र पूर्ण दिले.