अर्धा सेकंद उशिरा उठलेला माणूस

सामना चालू असताना मी मैदानाकडे पाठ करून उभा असतो. इंग्लंडमध्ये शिकायला आलो तेव्हापासून, गेली तीन वर्षं, शनिवार-रविवार एका मोठ्या फुटबॉल ग्राउंडवर स्टुअर्डचं, म्हणजे प्रेक्षकांची गर्दी सांभाळायचं काम करतोय. एवढ्या काळात डोळ्यांनी पाहिलेले गोल एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे सगळे मी लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिले.

शहराचं आणि क्लबांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या आजोबांबद्दल लिहितोय, त्यांना ओळखणारे लोक दोन्हीकडे असणार.

डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या किंवा शेजारपाजारच्या दोन क्लबांमधला सामना. तो बऱ्याचदा दुपारी साडेबारालाच असतो. पोलिसांना लोकांच्या पोटात दारू जायला वेळ द्यायचा नसतो. आम्ही सकाळी नऊला हजर. ब्रीफिंग, जॅकेट, इअरपीस, मग गेटवर झडती. खिशातल्या फ्लेअर, म्हणजे जाळ-धूर सोडणाऱ्या कांड्या, शोधायच्या असतात, आणि त्या कुठे कुठे लपवून आणतात ते इथे सांगत नाही. उरलेलं काम म्हणजे उभं राहणं.

माझी जागा अवे एंडला, म्हणजे पाहुण्या संघाच्या पाठिराख्यांच्या ब्लॉकमध्ये, जाळीच्या बाजूला. अवे एंड आणि घरचे लोक यांच्यामध्ये खुर्च्यांचा एक पट्टा मोकळा ठेवतात आणि त्यावर जाळी अंथरतात. पाहुण्यांना जागा थोड्याच. प्रीमियर लीगचा नियम तीन हजार तिकिटांचा, ग्राउंड लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. म्हणून अवे एंडमध्ये बसणारा माणूस हौस म्हणून आलेला नसतो. वर्षानुवर्षं संघामागे फिरून, पॉइंट जमवून त्याने ते तिकीट मिळवलेलं असतं. असे तीन हजार लोक एकत्र आले की त्यांचा आवाज बाकीच्या पन्नास हजारांना भारी पडतो. मला तो आवाज फार आवडतो.

पाठ करून उभं राहण्याबद्दल लोक विचारतात, कंटाळा येत नाही का? नाही येत. हे काम मला येतं आणि त्याचा मला अभिमान आहे. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो ग्राउंडवर लोक पिंजऱ्यासारख्या कुंपणात चिरडले गेले. त्या गर्दीने ९७ जीव गेले. आमच्या ट्रेनिंगची सुरुवातच तिथून होते. पुढच्या रांगेतले लोक गुदमरत होते आणि ज्यांनी ते ओळखायला हवं होतं त्यांनी ते वेळेवर ओळखलं नाही. म्हणून आम्ही गर्दीकडे बघतो. कुणाचा चेहरा पांढरा पडला, कुणाचं पोर रेलिंगवर चढलं, कोण कुणाकडे रोखून बघतंय, हे सगळं टिपायचं. काही महिन्यांत नजर अशी तयार होते की चेंडू कुठे आहे तेही कळतं. सहा हजार बुबुळं एकदम डावीकडे सरकतात. चेंडू लांबच्या गोलजवळ असेल तर लोक आधी टाचा उचलतात, मग श्वास धरतात.

आमच्यात तीस वर्षं काढलेला एक सुपरवायझर आहे. पहिल्याच डर्बीला त्याने मला सांगितलं होतं, "गोल झाला की उड्या मारणाऱ्यांकडे बघू नकोस. न उठणाऱ्याला शोध."

कारण अवे एंडमध्ये घरच्या संघाचा माणूस बसलेला असला, तर तो तिथेच सापडतो. गाणी म्हणताना ओठ हलवता येतात. मफलर विकत घेता येतो. पण गोल झाल्यावर जे शरीर उठतं, ते ठरवून उठत नाही.

ज्या डर्बीबद्दल लिहितोय, त्या दिवशी अकराव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला. माझ्यासमोर सगळा ब्लॉक उसळला. आठव्या रांगेत, कडेपासून तिसऱ्या खुर्चीवर एक आजोबा अर्धा सेकंद उशिरा उठले. तेही बाजूच्या पोराने बाही ओढली म्हणून. पोरगा नऊ-दहा वर्षांचा, पाहुण्या संघाच्या रंगात डोक्यापासून पायापर्यंत बुडालेला. तो उड्या मारत होता आणि आजोबा त्याच्याकडे बघून हसत होते. मैदानाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी त्यांच्याकडे बघतोय हे त्यांना कळलं. त्यांनी नजर चुकवली नाही. फक्त मान किंचित हलवली, जणू म्हणत होते, हो, मी तोच.

नियम स्पष्ट आहे. असा माणूस दिसला की कंट्रोल रूमला कळवायचं, आणि ते सांगतील त्याप्रमाणे त्याला बाहेर काढायचं. मी बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. म्हातारा माणूस, नातवाबरोबर आलाय, कुणाला त्रास नाही. मी स्वतःशी म्हटलं, नजर ठेवू.

त्यांच्या शेजारी पन्नाशीची एक बाई होती, पाहुण्या संघाची कट्टर पाठिराखी. प्रत्येक गाणं तिच्यापासून सुरू व्हायचं. सगळे उभे राहून गायला लागले की ती बरोबर आजोबांच्या पुढे अर्धं पाऊल सरकून उभी राहायची. मला वाटलं, तिला नीट दिसत नसेल.

त्रेसष्टाव्या मिनिटाला घरच्या संघाने बरोबरी केली. माझ्या पाठीमागे ग्राउंड फुटलं आणि समोर तीन हजार माणसं दगड झाली. त्या दगडांत एक चेहरा जिवंत होता. आजोबा ओरडले नाहीत, हात वर केला नाही. त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले आणि डोळे घट्ट मिटले. पण खांदे हलले. दोनच वेळा.

मागच्या रांगेतल्या एकाने ते पाहिलं. तो बोट दाखवून ओरडला, "हा त्यांचा आहे!" दहा सेकंदांत चार रांगा वळल्या आणि "बाहेर काढा" सुरू झालं. त्या माणसाचा राग मला आजही येतो. सामना पाहायला आला होतास ना? मग पुढे बघ. ज्याला कुणी हात लावला नसता, अशा म्हाताऱ्याला त्याने धोक्यात घातलं आणि वर स्वतःला संघाचा राखणदार समजत होता.

आता मात्र पर्याय नव्हता. अशा वेळी रांगेत शिरायचं, अंगाला हात लावायचा नाही, कानाजवळ वाकून हळू बोलायचं, आणि आपलं शरीर त्या माणसाच्या आणि ओरडणाऱ्यांच्या मध्ये ठेवायचं. मी म्हणालो, "सर, माझ्याबरोबर चला. कोट घ्या." ते लगेच उठले. पोरगा उठेना. त्याला काय झालंय तेच कळत नव्हतं.

तेव्हा ती बाई म्हणाली, "पोराला इथे राहू द्या. मी बघते त्याला. शेवटी गेटवर आणून देते." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती.

मी नाही म्हणालो. अल्पवयीन मुलाला अनोळखी व्यक्तीच्या ताब्यात देता येत नाही, आणि हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तो कशासाठी केलाय ते मला माहीत आहे. पण ती बाई अनोळखी नव्हती. दीड तास ती त्या दोघांना जपत होती. मला ते अर्धं पाऊल तेव्हा कुठे समजलं.

स्टँडच्या खाली काँक्रीटचा लांब बोळ असतो, तिथे आम्ही तिघं थांबलो. कंट्रोल रूम निरोप देईल, मग गेट उघडणार. पोराचा मामा पाहुण्यांचा सीझन तिकीटवाला, ऐन वेळी त्याला कामावर जावं लागलं, म्हणून आजोबा आले होते. पन्नास वर्षं ते समोरच्या स्टँडमध्ये बसत आले होते. नातवाला तिकडे घेऊन जा म्हणावं, तर त्या कपड्यांत त्याला तिथे कुणी येऊ दिलं नसतं. त्या दोघांना शेजारी बसता येईल अशी एकही खुर्ची त्या ग्राउंडवर नव्हती.

१९९१ च्या फुटबॉल ऑफेन्सेस ॲक्टमध्ये तीन गुन्हे आहेत. वस्तू फेकणं, अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणं, मैदानात शिरणं. यातलं आजोबांनी काहीच केलं नव्हतं. त्यांनी फक्त तिकिटाची अट मोडली होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. काँक्रीट थरथरलं. पोराने विचारलं, "ग्रँडॅड, कुणी मारला?"

आजोबांनी मान वर करून क्षणभर ऐकलं. घरचा गोल असला की आवाज तिन्ही बाजूंनी येतो आणि लांबत जातो. हा थेट डोक्यावरून आला होता आणि त्याला पायांचा धडधडाट होता. मलाही कळलं होतं.

"तुमच्यांनी," ते म्हणाले. पोरगा उडी मारायला गेला आणि मध्येच थांबला. मग आजोबांनीच त्याला उचललं. सत्तरीच्या माणसाला नऊ वर्षांचं पोर झेपत नाही, पण त्यांनी उचललं आणि दोनदा हलवलं.

मी कंट्रोलला विचारलं, शेवटची दहा मिनिटं जिन्याच्या तोंडाशी उभं राहू देऊ का? उत्तर आलं, नाही. गेट उघडलं. बाहेरचा रस्ता घरच्या संघाचा. पाऊल टाकण्याआधी आजोबा खाली वाकले, पोराचा मफलर घडी करून त्याच्या कोटात सरकवला आणि चेन हनुवटीपर्यंत ओढली. ती मध्ये कापडात अडकली. त्यांनी न झटकता, दोन्ही हातांनी कापड सोडवून पुन्हा वर नेली.

नंतर सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, २५ मार्च १९८४ ला वेम्बलीवर लिव्हरपूल आणि एव्हर्टन लीग कपच्या फायनलला भिडले, तेव्हा लिव्हरपूलचे लाल आणि एव्हर्टनचे निळे शेजारी शेजारी बसले होते आणि मिळून "मर्सीसाइड", म्हणजे दोघांच्या परिसराचं नाव, ओरडत होते. मग म्हणाला, "पण तू अकराव्या मिनिटाला कळवायला हवं होतंस. तेव्हा तो गुपचूप उठून गेला असता. कुणाला कळलंही नसतं." त्याचं बरोबर आहे. तेव्हा कळवलं असतं तर तो अपमान झाला नसता. पण मग पोराला नव्वदातली अकराच मिनिटं मिळाली असती, बावन्न जास्तीची मिळाली नसती. मी हा हिशोब रोज घालतो आणि तो रोज वेगळा येतो.

सामना संपल्यावर पाहुण्यांना अर्धा तास आत थांबवून ठेवलं, बाहेरचे रस्ते मोकळे होईपर्यंत. जिंकलेला ब्लॉक गात होता. ती बाई मात्र गात नव्हती. जिना उतरून माझ्याकडे आली.

"तुम्हाला आधीच कळलं होतं ना?" तिने विचारलं.

"हो. पहिल्या गोललाच."

"मला त्याच्याही आधी," ती म्हणाली. "खेळाडू मैदानात आले तेव्हा." आणि पुन्हा वर आपल्या जागेवर जाऊन बसली. बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं.