तुम्ही विचारलंत म्हणून : मागचं झाकण कुठे गेलं?

आमच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात एक रणगाडा आहे. कागदाचा. आलेला माणूस आधी "अय्या, कागदाचा?" म्हणतो, मग वाकून मागच्या बाजूने बघतो आणि विचारतो, "मागचं करायचं राहिलंय वाटतं?" गेली तीन वर्षं मी "हो ना, बघू, वेळ मिळाला की" असं सांगत आलेय. ते खोटं आहे. मागचं राहिलेलं नाही. झालं होतं, चांगलं झालं होतं, आणि मीच ते कापून काढलं. का, ते एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की मोबाइलवर हेच काढून हातात देईन आणि चहा ठेवायला जाईन.

बाकीचे प्रश्न आधी उरकते. नाही, हा लॉकडाउनमधला उद्योग नव्हे. लॉकडाउनमध्ये बँका चालू होत्या आणि मी कॅश काउंटरवर होते. नाही, हा पॅटन नाही. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन रणगाडे गावोगावी चौथऱ्यांवर उभे केले, तेव्हापासून आपल्याकडे दिसेल तो रणगाडा पॅटन. हा सेंच्युरियन, त्याच लढाईत पॅटनच्या समोर उभा असलेला, आपल्या बाजूचा. आणि नाही, ही एकाहत्तरच्या युद्धात सेंच्युरियनमधून लढताना गेलेल्या अरुण खेतरपाल यांची गाडीही नाही. नगरमध्ये हे हमखास विचारलं जातं, कारण त्यांची 'फामागुस्ता' इथेच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलीय. माझ्या रणगाड्यावर मी मुद्दाम नंबर घातलेला नाही. एकवीस वर्षांच्या पोराचं मरण आपल्या शोकेसमध्ये, बाहुल्यांच्या शेजारी, मला नको होतं.

"प्लास्टिकचा तयार मिळतो की!" मिळतो. त्यात तुकडे आधीच घडलेले असतात, आपण फक्त जोडायचे. कागदात भाग कागदावर सपाट पडलेला असतो. तो कुठून वळणार, कुठे दुमडणार, हे आपल्या बोटांना कळेपर्यंत त्याचा रणगाडा होत नाही. पोलंडमध्ये १९५७ पासून कागदी मॉडेलांचं मासिक निघायचं, मोठी माणसं वर्षभर एकेक गाडी करत बसायची. हे सांगितलं की लोक "अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात. मला बुवा बरं वाटतं सांगायला.

तर माझा सेंच्युरियन एकास पंचवीस मापाचा, तोफेसकट सव्वा फूट. २०२१ च्या जूनमध्ये सुरू केला. झेरॉक्सवाल्याकडून १६० जीएसएमच्या जाड कागदावर नकाशाची पानं काढून आणली, सांगाड्यासाठी बाइंडिंगचा पुठ्ठा. घडीची रेघ संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्यायची, नाहीतर कागद फाटल्यासारखा दुमडतो. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांवर जलरंगाचा हात. फेविकॉल टाचणीच्या टोकाने, जास्त झाला की कागद ओला होऊन पापडासारखा वर येतो. तोफेची नळी विणकामाच्या सुईवर गुंडाळली, चौथ्यांदा जमली.

पण सगळ्यात वेळ खाल्ला तो चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांनी. एका बाजूला शंभरावर कड्या, एकेका कडीचे तीन तुकडे. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सहाशेच्या वर. बँकेतून आल्यावर रोज बाराएक कड्या व्हायच्या. आता यातली मेख अशी की सेंच्युरियनला दोन्ही कुशींना पत्रे असतात. पट्ट्याचा वरचा सगळा भाग त्यांच्यामागे जातो, पत्रा लावला की दिसतच नाही. बरेच जण तिथे कड्या करत नाहीत, पुठ्ठ्याची एक पट्टी डकवून मोकळे होतात. मी सगळ्या केल्या. का केल्या? कारण मला माहीत असतं ना त्या तिथे नाहीत म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते माझ्याच अंगावर आलंय.

आता तात्या. माझे वडील ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेईकल मेकॅनिक होते. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, आणि एकाहत्तरला विशीतला हा मुलगा शकरगढच्या बाजूला वर्कशॉपबरोबर होता. लढाईच्या गोष्टी ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "आम्ही कुठं काय बघितलं, आम्ही गाडीच्या पोटात." रणगाडा हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही, गाडीच. आणि गाडी म्हणजे त्यांच्या लेखी मेटिओर इंजिन. स्पिटफायर विमानाला जे मर्लिन इंजिन होतं, त्याचाच हा जमिनीवरचा भाऊ, सुपरचार्जर काढलेला. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर, साडेसहाशे हॉर्सपॉवर, पन्नास टनांच्या वरचं धूड ओढायचं, आणि तेही पेट्रोलवर. "पेट्रोलचं इंजान," तात्या म्हणतात, "रात्री ताडपत्रीखाली टॉर्च दातात धरून हात घालायचा, तर आधी देव आठवायचा." त्यांच्या डाव्या हाताला कोपराच्या खाली एक गुळगुळीत पांढरा चट्टा आहे. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत झोपायचे.

सेंच्युरियन का निवडला, हे आता वेगळं सांगायला नको. पण तेव्हा मी स्वतःशीसुद्धा ते कबूल केलं नव्हतं. नकाशा चांगला मिळाला म्हणून, एवढंच म्हणत होते. पाच महिने त्यांना टेबलापाशी येऊ दिलं नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, दुपारची झोप झाल्यावर, रणगाडा ताटात ठेवून त्यांच्यापुढे नेला. ताटात! जेवणाच्या स्टीलच्या ताटात. आता आठवलं की लाज वाटते.

त्यांनी चष्मा पुसला. दोन्ही तळव्यांवर उचलून खिडकीशी नेला. तोफेकडे बघितलं नाही, टरेटकडे, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटाकडे, बघितलं नाही, सरळ फिरवून मागची बाजू तोंडापुढे धरली. मी बोलत सुटले होते. "तात्या, या पत्र्यांच्या मागे पण सगळ्या कड्या आहेत. दिसत नाहीत, पण केल्यात." त्यांनी मान हलवली आणि इंजिनाच्या झाकणावर नखाने टिचकी मारली. टप्. पोकळ आवाज.

"इंजान?"

"इंजिन नाही, तात्या. आत पुठ्ठ्याचा सांगाडा आहे."

"दिसत नाहीत त्या कड्या केल्यास."

"हो."

"आणि इंजान नाही केलंस."

"नकाशात नाहीये ते."

"नकाशात नाही," ते म्हणाले. रणगाडा अलगद परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "मग ही गाडी नाही गं. डबा आहे," आणि टीव्हीचा रिमोट शोधायला लागले.

एवढंच. ना आवाज चढवला ना काही. माझी बहीण म्हणते, "तात्यांचं बोलणंच तसं, तू मनावर का घेतेस?" तिला घेऊन बघ म्हणावं.

रात्री साडेअकराला मी अकरा नंबरचं ब्लेड घेऊन बसले. झाकण तीन थरांचं होतं, वर जाळ्या, कड्या, बिजागऱ्या, सगळं बारीक काम. पहिली चीर सरळ गेली. दुसऱ्या चिरेला ब्लेड घसरून खालच्या आडव्या फळीत घुसलं, आणि फळी तुटल्याबरोबर डावी कुशी बाहेर झुकली, दोनतीन मिलिमीटर. पुठ्ठा तुटताना फार हळू आवाज होतो, करवंटीत नख घासल्यासारखा. तिथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही. झाकण उपसून काढलं, त्याबरोबर एक सायलेन्सरही निघून आला. आत काय होतं? पेन्सिलने लिहिलेले माझेच आकडे, फेविकॉलचे सुकलेले थेंब, आणि फळीला चिकटलेला माझा एक लांब केस.

लोकांना मी अधूनमधून दुसरंही एक उत्तर दिलंय : "इंजिन दिसावं म्हणून उघडं ठेवलंय, करणार आहे." ऐकायला फार छान वाटतं, वडिलांच्या शब्दाखातर वगैरे. तसं काही नव्हतं. मी रागाने कापलं. सकाळी उठल्यावर त्यांना ते दिसावं आणि त्यांचा चहा कडू व्हावा, म्हणून कापलं. झाकण दोन तुकड्यांत कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि डबा मुद्दाम उघडा ठेवला. वय वर्षं शेहेचाळीस.

माझी एक कामाची वही आहे, रोज काय केलं त्याची. त्या रविवारच्या सकाळची नोंद : "झाकण चिकटवलं. झालं." खाली दोन रेघा ओढल्यात. ती नोंद करणाऱ्या बाईशी मी पुष्कळदा भांडते. ती म्हणते, मॉडेल बाहेरूनच असतं, कुणाचा फोटो काढला तर आतडी दाखवा म्हणतं का कुणी? बरोबर आहे तिचं. मग मी म्हणते, बाई, तू पत्र्यामागच्या कड्या कुणासाठी केल्यास? त्यावर ती गप्प बसते. पण पटलंय म्हणून नव्हे, हे मला कळतं.

मधे एकदा वाटलं, तात्यांचं दुखणं वेगळंच असेल. नाव होतं ते टरेटमध्ये बसणाऱ्यांचं. पदकं, पुतळे, चौकांची नावं सगळी त्यांची, आणि ते योग्यच आहे, जीव त्यांनी दिला. ताडपत्रीखाली टॉर्च दातात धरणाऱ्याला कोण विचारतो? आणि लेकीनेही रणगाडा केला तो बाहेरूनच. असं वाटलं आणि मला रडू आलं. पण हे सगळं मी त्यांच्या तोंडात घालतेय. ते असं कधी बोललेले नाहीत. कदाचित त्यांना फक्त इंजिनं आवडतात. आमच्या स्कूटीलाही ते आधी कानच लावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट बघितलं, कचऱ्याचा डबाही बघितला असणार. काही बोलले नाहीत. नाश्त्यानंतर लाइटच्या बिलाच्या पाठीवर काहीतरी काढत बसले आणि माझी बँकेत निघायची वेळ झाली तेव्हा तो कागद पुढे केला. मी पर्स शोधत होते. "आता नको, तात्या," म्हटलं, आणि गेले. संध्याकाळी आले तेव्हा बिल पेपरांच्या गठ्ठ्यात गेलं होतं. रद्दीवाला यायच्या आदल्या रात्री मी ते शोधून काढलं. त्यांना हे माहीत नाही. निदान मला तसं वाटतं.

त्यांनी या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर तयार केलंय. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून "मागचं राहिलंय का?" म्हटलं की मी तोंड उघडायच्या आत ते खुर्चीतून सांगतात, "गाडी ऑफ-रोड आहे. पार्ट यायचाय." वर्कशॉपची भाषा ती, म्हणजे गाडी दुरुस्तीसाठी उभी आहे. पाहुणे हसतात. पहिलं वर्षभर मला या विनोदाचा इतका संताप यायचा की मी उठून आत जायचे. हल्ली आत जात नाही, पण हसतही नाही.

बिल माझ्या वहीत आहे. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, त्याच्या डोक्यावर रेडिएटर, सगळ्यांना इंग्रजी कॅपिटलमध्ये नावं, ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या अक्षरात. सिलिंडर गोल करून दाखवलेत. डावीकडे सहा. उजवीकडे पाच. सहाव्याच्या जागी बिलाची कड येते. कागद संपला, की ते विसरले? जे इंजिन अंधारात हाताने ओळखायचे त्याचे सिलिंडर मोजायला ते चुकतील, हे मला मान्य नाही. पण ते आता पंच्याहत्तरीला टेकलेत, आणि परवा गॅस बंद करायला विसरले होते. मी विचारलेलं नाही.

सिलिंडर करायला मात्र घेतलेत. टूथपिकवर कागद गुंडाळून, एकेक जेमतेम तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. अकरा झालेत, काडेपेटीत घालून शिलाई मशीनच्या खणात ठेवलेत. बारावा दहा मिनिटांचं काम आहे.